जेम्स पॅरिस ली

जेम्स पॅरिस ली (९ ऑगस्ट १८३१, हॉइक, स्कॉटलंड – २४ फेब्रुवारी १९०४, शॉर्ट बीच, कनेक्टिकट) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, कॅनडात वाढलेले आणि अमेरिकेत कार्यरत असलेले शस्त्रसंशोधक होते. रायफलच्या बोल्टखाली बसणारी, स्प्रिंगने काडतुसे वर ढकलणारी आणि काढता-घालता येणारी पत्र्याची पेटी, म्हणजेच पेटी-मॅगझिन, हा त्यांचा प्रमुख शोध होय. ब्रिटिश सैन्याच्या ली-मेटफर्ड आणि ली-एन्फील्ड या रायफलींना त्यांचे नाव मिळाले. भारतात ली-एन्फील्ड रायफल तिच्या ०.३०३ इंच व्यासावरून 'थ्री नॉट थ्री' या नावाने ओळखली जाते.

ली-एन्फील्डची निर्मिती अनेक देशांत आणि अनेक प्रकारांत झाली. दुरुस्तीच्या निमित्ताने तिचे भाग वेळोवेळी बदलले गेले. त्यामुळे हाती आलेली जुनी रायफल नेमक्या कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यात मूळचे किती उरले आहे, हे ठरवणे शस्त्र-अभ्यासकांसाठी एक स्वतंत्र विषयच झाला आहे. हाच प्रश्न ली यांच्या श्रेयाबाबतही विचारावा लागतो. रायफलीवर त्यांचे नाव असले तरी तिच्यातील बरेच काही इतरांचे आहे.

बालपण व शिक्षण

ली यांचे वडील जॉर्ज ली हे घड्याळजी होते. आई मार्गारेट यांचे माहेरचे आडनाव पॅरिस असे होते आणि तेच मुलाच्या नावात मधले नाव म्हणून आले. जेम्स सुमारे ५ वर्षांचे असताना कुटुंब स्कॉटलंड सोडून कॅनडातील गॉल्ट या गावी स्थायिक झाले. हे गाव आज ओंटारियो प्रांतातील केंब्रिज शहराचा भाग आहे. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी एका जुन्या पिस्तुलाची नळी वापरून स्वतःची पहिली बंदूक जुळवली आणि ती लवकरच निकामी झाली, असे सांगितले जाते.

जेम्स यांनी वडिलांच्या हाताखाली घड्याळदुरुस्तीचे शिक्षण घेतले आणि तरुणपणी ओंटारियोतील चॅटम येथे स्वतःचे दुकान काढले. पुढील कामाची बैठक त्यांना या व्यवसायाने दिली. बारीक स्प्रिंगांचा ताण ओळखणे, एकमेकांवर सरकणारे धातूचे भाग केसभरही सैल न ठेवणे आणि थोड्या जागेत यंत्रणा बसवणे ही घड्याळजीची कौशल्ये त्यांच्या बहुतेक रचनांत दिसतात. पुढे ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेले. प्रथम जेन्सव्हिल आणि नंतर स्टीव्हन्स पॉइंट येथे त्यांचे वास्तव्य होते.

मिलवॉकीचा कारखाना

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) सैनिकांच्या हाती प्रामुख्याने तोंडाकडून ठासायच्या बंदुका होत्या. अशा बंदुकीत मागच्या बाजूने काडतूस भरता यावे यासाठीच्या रचनेचे एकाधिकारपत्र (पेटंट) ली यांना १८६२ मध्ये मिळाले. त्यांनी मिलवॉकी येथे ली फायर आर्म्स कंपनी उभी केली आणि १८६५ मध्ये तिला सैन्याकडून १,००० कार्बाइनींची मागणी मिळाली.

या व्यवहारातून कंपनीचा ऱ्हास झाला. कंपनीने तयार केलेल्या कार्बाइनींच्या नळीचा व्यास आणि सैन्याला अपेक्षित व्यास यांत इंचाच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका फरक निघाला. सैन्याला ०.४४ इंचाची नळी हवी होती, तर कंपनीची नळी ०.४२ इंचाची होती. सैन्याने माल नाकारला. युद्धही संपत आले होते आणि नवी मागणी येण्याची आशा उरली नव्हती. पुढे दशकभर ली यांना स्वतःचा कारखाना नव्हता. आपल्या कल्पना दुसऱ्यांच्या कारखान्यांत घेऊन जाणे हाच त्यांच्या जीवनाचा क्रम बनला. आज या मिलवॉकी कार्बाइनी दुर्मिळ मानल्या जातात. त्यांची पारख करताना पहिले मोजमाप नळीच्या व्यासाचे घेतले जाते, कारण त्यांचे भवितव्य त्याच मोजमापाने ठरवले होते.

पेटी-मॅगझिनचा शोध

१८७० च्या दशकात ली यांचा न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन कारखान्याशी संबंध आला. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात १८७५ मध्ये त्यांच्या एका एकबारी रायफलीचे दीडशेहून कमी नमुने तयार झाले, मात्र सैन्याने ती स्वीकारली नाही.

त्या काळी एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलींमध्ये काडतुसे बहुधा नळीखालच्या किंवा दस्त्यातील लांब नळकांड्यात एकापुढे एक ठेवलेली असत. या रचनेत दोन दोष होते. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या स्फोटक टोपीला टेकत असल्याने टोकदार गोळी वापरणे धोक्याचे होते. शिवाय नळकांडे रिकामे झाले की ते एकेक काडतूस घालून भरावे लागे आणि ऐन लढाईत त्यासाठी वेळ नसे. ली यांनी काडतुसे एकापुढे एक ठेवण्याऐवजी एकावर एक रचली. पत्र्याच्या उथळ पेटीच्या तळाशी स्प्रिंग आणि तिच्यावर एक पट्टी असते. बोल्ट मागे ओढला की स्प्रिंग सर्वांत वरचे काडतूस उचलते आणि बोल्ट पुढे ढकलला की तेच काडतूस नळीत जाते. संपूर्ण पेटी खालून काढून भरलेली दुसरी पेटी लावता येते. या रचनेचे अमेरिकन पेटंट ४ नोव्हेंबर १८७९ रोजी देण्यात आले.

ओंटारियोतील वॉलेसबर्ग येथे ली यांचे बंधू जॉन यांचा कारखाना होता आणि या रचनेचा आरंभीचा नमुना तेथेच घडला, अशी स्थानिक परंपरा आहे. कॅनडात या परंपरेला बरेच महत्त्व दिले जाते. मात्र पेटंट आणि व्यापारी उत्पादन या दोन्ही गोष्टी अमेरिकेत झाल्या.

उत्पादनातही अडथळे आले. कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे ली आर्म्स कंपनी स्थापन झाली. अमेरिकन नौदलाने मागवलेल्या रायफली बनवण्याचे काम शार्प्स रायफल कंपनीकडे देण्यात आले. पण १८८० मध्ये शार्प्स कंपनीच बंद पडली आणि अर्धवट राहिलेले काम रेमिंग्टनने पूर्ण केले. त्यामुळे १८७९ च्या नमुन्याच्या आरंभीच्या रायफलींमध्ये शार्प्स आणि रेमिंग्टन या दोन्ही कारखान्यांचे काम एकत्र आढळते. असा नमुना पाहणाऱ्यास तो दोन रायफलींचे भाग जोडून केलेला वाटू शकतो, परंतु येथे मिश्रण हेच अस्सलपणाचे लक्षण असू शकते. रेमिंग्टन-लीचे पुढील नमुने १८८२ आणि १८८५ मध्ये आले. चीनसारख्या देशानेही या रायफली विकत घेतल्या.

ब्रिटिश सैन्याने केलेला स्वीकार

ब्रिटनमध्ये १८८० च्या दशकात मार्टिनी-हेन्री या एकबारी रायफलीला पर्याय शोधला जात होता. निरनिराळ्या रचनांच्या दीर्घ चाचण्या झाल्या आणि अखेर ली यांचा बोल्ट व मॅगझिन निवडले गेले. डिसेंबर १८८८ मध्ये ही रायफल सेवेत घेण्यात आली आणि १८९१ पासून तिला ली-मेटफर्ड हे नाव पडले. नावातील दुसरे व्यक्ती म्हणजे इंग्रज अभियंते विल्यम एलिस मेटफर्ड. नळीच्या आतील ७ उथळ, गोलसर चरांची रचना त्यांची होती. (हेच मेटफर्ड १८५७ च्या उठावाच्या वेळी रेल्वेच्या कामासाठी बिहारमधील मुंगेर येथे होते.)

मेटफर्ड यांचे चर काळ्या दारूची काजळी कमी साचावी म्हणून आखलेले होते. परंतु काही वर्षांतच काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली आणि तिच्या उष्णतेने हे उथळ चर लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये लंडनजवळील एन्फील्ड येथील शाही शस्त्र-कारखान्याने ५ खोल, सरळ कडांचे चर असलेली नळी आणली. मेटफर्ड यांचे नाव गेले, एन्फील्डचे आले आणि ली यांचे राहिले.

ली यांचे नाव टिकण्याचे कारण रायफलीच्या यंत्रणेत आहे. त्यांच्या बोल्टचे अडकणारे दाते पुढे नळीजवळ नसून मागच्या बाजूला आहेत. त्यामुळे बोल्टची ये-जा कमी अंतराची होते. स्प्रिंग ताणण्याचे बरेचसे काम बोल्ट पुढे ढकलतानाच होते, म्हणून बोल्ट उघडणे हलके जाते. प्रशिक्षित सैनिक या रायफलीतून इतर देशांच्या बोल्ट-रायफलींपेक्षा जलद गोळीबार करू शकत असे. मागच्या दात्यांमुळे यंत्रणा किंचित लवचीक होते आणि अतिदूरच्या नेमबाजीत मॉझर रचनेला ती मागे पडते, ही टीकाही तितकीच रास्त आहे.

मॅगझिनच्या बाबतीत मात्र ब्रिटिश सैन्याने ली यांची मूळ कल्पना अर्धीच उचलली. भरलेल्या पेट्या सोबत बाळगाव्यात आणि रिकामी पेटी काढून नवी लावावी, हा तिचा गाभा होता. सैन्याने पेटी एका कडीने रायफललाच अडकवून टाकली. शिवाय मॅगझिनवर सरकणारी एक आडवी पट्टी (कट-ऑफ) बसवली, जेणेकरून सैनिक एकेक काडतूस हाताने भरील आणि पेटीतील काडतुसे निकडीसाठी राखून ठेवील. पहिल्या नमुन्याच्या पेटीत ८ काडतुसे मावत, पुढे ही संख्या १० झाली. दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) बोअरांच्या मॉझर रायफली ५ काडतुसांच्या पट्टीने झटपट भरल्या जात, तेव्हा एकेक काडतूस भरण्याच्या पद्धतीची उणीव प्रकर्षाने उघड झाली. त्यानंतरही पेटी बदलण्याचा मार्ग न स्वीकारता वरून ५-५ काडतुसे दाबून भरण्याची सोय करण्यात आली.

एन्फील्ड कारखान्यातील जोसेफ स्पीड यांनीही यंत्रणेत सुधारणा केल्या. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने खासगी ग्राहकांसाठी बनवलेल्या रायफली म्हणूनच ली-स्पीड या नावाने विकल्या गेल्या.

अखेरची वर्षे

ली यांची शेवटची महत्त्वाची रचना म्हणजे अमेरिकन नौदलाने स्वीकारलेली १८९५ च्या नमुन्याची ली रायफल. तिचा बोल्ट न फिरवता सरळ मागे ओढायचा होता. नळीचा व्यास केवळ ६ मिमी होता आणि काडतुसे क्लिपने भरली जात. तिची निर्मिती विंचेस्टर कंपनीने केली. अमेरिकन नौसैनिकांनी ती १८९८ मध्ये क्यूबातील ग्वांतानामो येथे आणि १९०० मध्ये पेकिंग येथे वापरली. पुढे सैन्य आणि नौदल यांच्यासाठी एकच काडतूस असावे असे ठरल्यावर ती मागे पडली.

२४ फेब्रुवारी १९०४ रोजी कनेक्टिकटमधील शॉर्ट बीच येथे ली यांचे निधन झाले. त्या वेळी ब्रिटनमध्ये त्यांच्या रायफलीचा सर्वांत प्रसिद्ध अवतार, आखूड ली-एन्फील्ड, नुकताच वापरात येत होता. पायदळ व घोडदळ या दोहोंसाठी एकच असलेल्या या रायफलीची नळी २५.२ इंचांची होती. १९०७ मध्ये आलेला तिचा मार्क ३ हा नमुना दोन्ही महायुद्धांत लढला. तो ली यांनी पाहिला नाही.

रायफलीवरील खुणा व अस्सलपणा

आखूड ली-एन्फील्डवर दस्ता जेथे धातूच्या भागात शिरतो, तेथे उजव्या बाजूस एक पोलादी कडे असते. रायफलीची जन्मपत्रिका तिथेच कोरलेली असते. सर्वांत वर मुकुट, त्याखाली राजाची किंवा राणीची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, वर्ष आणि शेवटी आखूड ली-एन्फील्ड या शब्दांचे संक्षिप्त रूप व मार्क क्रमांक असा क्रम असतो. या संक्षिप्त रूपातील एल हे अक्षर म्हणजे रायफलीवर उरलेले ली यांचे नाव. १९२६ मध्ये ब्रिटनने रायफलींना क्रमांकांनी ओळखण्याची पद्धत आणली. दुसऱ्या महायुद्धातील क्रमांक ४ च्या रायफलीवर फक्त क्रमांक आणि मार्क आढळतो, तिथे हे अक्षरही नाही.

कोरलेल्या मजकुरावर विसंबून प्रकार ठरवणे मात्र पुरेसे नसते. मजकूर आणि यंत्रणा एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे लागते. पट्टीने काडतुसे भरण्यासाठीची खाच आखूड रायफलीच्या मार्क १ मध्ये दोन भागांत असते, एक भाग बोल्टच्या सरकत्या डोक्यावर आणि दुसरा चौकटीवर. मार्क ३ मध्ये चौकटीवरून आडवा गेलेला एकसंध पूल असतो. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी १९१६ मध्ये कट-ऑफ, डाव्या बाजूची अतिदूरच्या माऱ्याची नेमपट्टी आणि मागील नेमपट्टीची आडवी हालचाल वगळण्यात आली. अशा रायफलीच्या मार्कापुढे तारकाचिन्ह असते. पण कारखान्यांनी हे बदल एकाच दिवशी केले नाहीत. म्हणून तारका असूनही कट-ऑफची खाच असलेली रायफल दिसली, तर ती बनावट ठरत नाही.

लांब नळीच्या जुन्या रायफलींत आणखी गुंतागुंत आहे. ली-मेटफर्ड म्हणून जन्मलेल्या अनेक रायफलींना नंतर एन्फील्डची नळी बसवली गेली आणि काहींना १९०७ नंतर पट्टीने भरण्याचा पूलही जोडला गेला. त्यांच्यावरील वर्ष १८९० च्या दशकातले असते, नळी नंतरची आणि पूल त्याहून नंतरचा. येथे नळीच्या तोंडातून चर मोजणे हा साधा उपाय आहे. ७ उथळ चर असतील तर नळी मेटफर्डची, ५ असतील तर एन्फील्डची. क्रमांक ४ च्या रायफलीबाबत मात्र हा नियम चालत नाही, कारण युद्धकाळात तिच्या काही नळ्या केवळ २ चरांच्या होत्या.

अस्सलपणाची कसोटी म्हणून अनुक्रमांकाकडे पाहिले जाते. चौकट, नळी, बोल्टच्या मुठीची मागची बाजू, मागील नेमपट्टी आणि नळीच्या टोकाशी असलेली धातूची टोपी या ठिकाणी एकच क्रमांक असावा, अशी अपेक्षा असते. त्यांपैकी बोल्ट आणि चौकट यांचा क्रमांक जुळणे सर्वांत महत्त्वाचे. हे दोन भाग कारखान्यात एकमेकांशी घासून बसवलेले असतात. परका बोल्ट असल्यास काडतुसाच्या मागची पोकळी वाढून झाडताना पितळी कवच फाटू शकते. त्यामुळे क्रमांक न जुळणे ही संग्राहकाच्या हौसेपुरती बाब राहत नाही.

सैन्याच्या कार्यशाळेत झालेली दुरुस्ती आणि विक्रेत्याने सुट्या भागांतून केलेली जोडणी यांतील फरक ओळखणे सर्वांत कठीण असते. अधिकृत संपूर्ण दुरुस्तीनंतर रायफलीवर तसे अक्षरचिन्ह आणि वर्ष कोरले जाई, जुना क्रमांक खोडून नवा घातला जाई आणि तपासनिसाचा शिक्का उमटे. अशी रायफल कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नसते, पण तिचा इतिहास खरा असतो. सर्व भागांचे क्रमांक जुळणारी पण नुकतीच कोरल्यासारखी दिसणारी रायफल तिच्यापेक्षा जास्त संशयास्पद मानावी. बाणाची टोके समोरासमोर असलेले दोन बाण दिसले, तर ती सरकारी सेवेतून विकली गेली होती असे समजावे. डी.पी. ही अक्षरे असलेली रायफल केवळ कवायतीसाठी असते आणि ती झाडणे सुरक्षित नसते.

वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, या रायफलींच्या हुबेहूब नकला केल्या. त्या बहुधा अक्षरांवरून पकडल्या जातात. कारागिरांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून एन्फील्डमधील एन उलटा पडतो किंवा एखादे अक्षर गळते. राणी व्हिक्टोरियाचे निधन १९०१ मध्ये झाले, तरी तिची आद्याक्षरे आणि १९०१ नंतरचे वर्ष एकत्र आढळते. याउलट आखूड रायफलीवर व्हिक्टोरियाची आद्याक्षरे आणि १८९० च्या दशकातील वर्ष असेल, तर ती जुन्या लांब रायफलीची चौकट वापरून अधिकृतपणे केलेली असू शकते. केवळ आद्याक्षरांवरून निर्णय घेणाऱ्याची येथे फसगत होते.

कारखान्यांनुसारही रायफलीचे रूप बदलते. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने पुढे स्थानिक लाकूड वापरले. क्रमांक ४ ची निर्मिती ब्रिटनबरोबरच अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीने आणि कॅनडातील लाँग ब्रांच येथील कारखान्याने केली. सॅव्हेजच्या रायफलींवर त्या अमेरिकेची मालमत्ता असल्याचा शिक्का असतो. लाँग ब्रांच टोरांटोजवळ, म्हणजे ज्या ओंटारियोत ली लहानाचे मोठे झाले त्याच प्रांतात आहे.

भारतातील ली-एन्फील्ड

बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपासून आखूड ली-एन्फील्ड बनवली. त्या रायफलींवर मुकुटाखाली जी.आर.आय. ही अक्षरे असतात. यातील आय हे अक्षर सम्राट या पदवीचे असून ते भारतीय बनावटीची खूण ठरते. लाकडाला तडे जाऊ नयेत म्हणून मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार घातलेला आडवा स्क्रू हीसुद्धा ईशापूरच्या कामाची ओळख आहे. पोलिसांसाठी काही जुन्या रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून ०.४१० इंचाच्या एकबारी बंदुका करण्यात आल्या आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवण्यात आला. ली यांच्या मुख्य शोधालाच या बंदुकांतून रजा देण्यात आली, हा योगायोग लक्षणीय आहे.

या रायफलीच्या काडतुसांशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ०.३०३ ची काडतुसे बनत आणि कवचाच्या बुडावरील के.एफ. या अक्षरांवरून ती ओळखता येतात. स्वातंत्र्यानंतरही ही रायफल राज्यांच्या पोलीस दलांत दीर्घकाळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात स्वयंचलित शस्त्रे असलेल्या हल्लेखोरांसमोर काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती. त्यानंतर पोलिसांच्या शस्त्रांच्या आधुनिकीकरणावर देशभर चर्चा झाली. नागरिकांसाठी भारतात हा व्यास निषिद्ध वर्गात मोडतो, म्हणून येथे या रायफलीचा अभ्यास संग्रहालये आणि पोलिसांची शस्त्रागारे यांपुरताच मर्यादित आहे.

१९६० च्या दशकात ईशापूरने याच यंत्रणेवर ७.६२ मिमी व्यासाची २ए आणि नंतर २ए१ ही रायफल तयार केली. दोन्ही मार्क ३ सारख्याच दिसतात. २ए च्या मागील नेमपट्टीवर २,००० मीटरपर्यंत आकडे आहेत, तर २ए१ च्या पट्टीवर ८०० मीटरपर्यंत. तिच्या चौकोनी धाटणीच्या पेटीत १२ काडतुसे मावतात आणि ती पेटी खालून काढता येते.